शेवटून उघडणारा ग्रंथ

नाणं पारखीबाबांच्या बोटांतून निसटलं, दोन बोटांचं अंतर हवेत कापलं आणि टच्चकन ग्रंथाच्या पानावरच्या आपल्या चित्रावर जाऊन बसलं. ग्रंथ उभा धरलेला होता, तरी नाणं पडेना. सभागृहातल्या दोनशे माणसांनी एकदमच श्वास रोखला.

“मी काही केलं?” पारखीबाबांनी डोळे मिटले. “मी कोण? मी नुसता हमाल, ग्रंथ उचलणारा! खरं नाणं आपलं चित्र ओळखतं आणि लेकरू आईकडे धावावं तसं धावतं. खोट्याला कुठली आई? ते धावेल कशाला?”

टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या शिंपीणबाईंनी पदराने डोळे टिपले. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण माझ्या हातात भावाची छत्री, भावाची पिशवी आणि भावाच्या बायकोच्या दवाखान्याची फाइल होती. भाऊ रांगेत सगळ्यात पुढे उभा होता. वडिलांचा नाण्यांचा डबा त्याने छातीशी धरला होता.

आमचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. चाळीस वर्षं त्यांनी चांदीची जुनी नाणी जमवली. प्रत्येकाला कागदाची छोटी पुडी केलेली, वर वजन लिहिलेलं. भावजयीचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालायचं. तिची आई मूत्रपिंड द्यायला तयार होती, ऑपरेशनची तारीखही मिळाली होती, महिनाअखेरची. मिळायचा होता फक्त पैसा, आणि आमच्याकडे विकण्यासारखा तो एक डबाच उरला होता.

बाबांनी पहिलं नाणं ग्रंथाजवळ नेलं. ते हललं नाही. दुसरं नाही, दहावं नाही.

“खोटी,” बाबा हळहळले. “सगळी खोटी, बाळा. वडिलांना कोणीतरी गंडवलं.”

भावाचा चेहरा मला पाठीमागूनसुद्धा दिसला. खांदेच तसे पडले.

“पण ग्रंथाला दया येते! हा डबा इथे ठेव, आम्ही हे पाप वितळवून टाकू. त्याच्या बदल्यात हे एक खरं नाणं ने. ग्रंथात याची किंमत वाच. मोठ्याने वाच!”

भावाने वाचली. ऑपरेशन होऊन वर घर रंगवता येईल, एवढी. डबा टेबलाखालच्या पोत्यात गेला.

पायऱ्यांवर येऊन मी त्याचा दंड धरला. “अरे, आपले वडील घड्याळातला केसाएवढा फरक ओळखायचे. त्यांना चाळीस वर्षं चांदी कळली नाही?”

“ताई, ग्रंथात छापलंय, हा बघ त्या पानाचा फोटो काढलाय मी. माहितीपत्रकातही तेच आहे. त्यांच्या साइटवरही तेच. तीन ठिकाणी खोटं असेल का?”

मी तिन्ही फोटो एकमेकांशी ताडून पाहिले. तिन्हींत नाण्यावरच्या राजाच्या हनुवटीखाली तोच एक ओरखडा होता. माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘ग्रंथावरून साभार’. “साक्षीदार तीन दिसतात रे, तोंड एकच आहे.”

“तू पुस्तकं शिवतेस ताई, वाचत नाहीस,” तो म्हणाला. लगेच त्याचा आवाज फुटला. “हे खोटं निघालं तर मी तिला काय सांगू? तूच सांग, काय सांगू?”

सातवीनंतर शाळा सुटली माझी. जे काही शिकले ते बांधणीला आलेल्या पुस्तकांत डोकावून. पण पुस्तक बांधायचं म्हणजे काय, ते मला कळतं. या ग्रंथावर लेखक नव्हता, प्रकाशक नव्हता, छापल्याचं साल नव्हतं. ज्या पानावर नाणी चिकटत होती, ते मागून खळीने डकवलेलं होतं. आणि दर वेळी ग्रंथ शेवटूनच का उघडायचा? मागचा पुठ्ठा पुढच्यापेक्षा दुप्पट जाड का?

वाचनालय दोन गल्ल्या पलीकडे. तिथे संग्रहालयाने काढलेली नाण्यांची सूची होती. गेल्या वर्षी मीच तिला नवा पुठ्ठा घातला होता. ग्रंथपालबाईंनी चष्मा वर सारून विचारलं, “आत्ता? जेवायच्या सुट्टीत?” आणि माझं तोंड बघून मुकाट्याने कपाट उघडलं.

लेखकांची नावं. तिसरी आवृत्ती, आधीच्या दोन आवृत्त्यांतल्या चुका कोणत्या, त्याची यादी. प्रत्येक नाण्याचा धातू, वजन, व्यास, आणि ही माहिती कोणत्या संग्रहातलं नाणं तपासून घेतली ते. सुरुवातीलाच सूचना होती: नाणं चुंबकाला चिकटलं, तर ते चांदीचं नाही.

मी ती ओळ तीनदा वाचली. मग धावत सुटले.

सभागृहात शिंपीणबाईंची पुरचुंडी टेबलावर सुटत होती. मी पुढे घुसले. “बाबा, ग्रंथाची शिवण सुटलीय. मी बांधणीवाली. दोन टाके घालून देते, पुण्य लागेल मला.”

“हात लावू नकोस!”

“अहो, पान गळून पडलं तर नाणी आई कुठे शोधतील?”

लोक हसले. त्या हसण्यात बाबांची पकड सैल झाली. मी ग्रंथ ओढला आणि बांधणीची सुरी मागच्या पुठ्ठ्यात घातली. लोक ओरडले. कोणीतरी माझी वेणी धरली. पुठ्ठा फाटला, आणि आतून काळ्या, चपट्या चकत्या खडखडत खाली आल्या. पडता पडता त्या एकमेकींना चिकटल्या. बाबांच्या टेबलावरची ‘खरी’ नाणी घरंगळत त्यांच्यामागे गेली.

“चुंबक आहे हा!” मी ओरडले. “धावतं ते लोखंड. वर पांढरा मुलामा आहे. तुमची नाणी धावत नाहीत, कारण ती चांदीची आहेत. खरी म्हणून नाकारली, आणि नाकारून पोत्यात भरली!”

शिंपीणबाईंनी पुरचुंडीची गाठ दातांनी आवळली. बाबा मागच्या दाराने निघाले होते. दोघा हमालांनी त्यांना धरलं, खरे हमाल होते ते. पोत्यात आमचा डबा मिळाला. काल आणि परवा ज्यांनी नाणी दिली होती, त्यांचं पोतं आधीच गेलं होतं. त्यांच्यातला एक म्हातारा मला म्हणाला, “बाई, एक दिवस आधी का नाही आलात?”

वाचनालयात भावाने सूची उघडली आणि पुडीवरची वजनं ताडून पाहिली. सगळी जुळली. वडील कुठेच चुकले नव्हते. मग आम्ही गेल्या वर्षीच्या लिलावातले भाव काढले. नाणी खरी होती, पण दुर्मीळ नव्हती. सगळा डबा विकला तर ऑपरेशनच्या खर्चाचा आठवा हिस्सा जमणार होता.

“दुसरं एखादं पुस्तक नाही का गं, ताई?”

होतं. ग्रंथपालबाईंनी तेही काढून दिलं. वेगळे लेखक, वेगळा संग्रह. आकडा थोडाफार इकडेतिकडे, पण तोच.

म्हणून हे लिहिते आहे. जे पुस्तक तुम्हाला नेमकं हवं तेच सांगतं, त्याला आधी विचारा: तुला कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कुठे बघून लिहिलं, आणि चुकलंस तर ते कबूल करतंस का? दुसऱ्याला विचारा, पण ते पहिल्याचीच नक्कल करत नाही ना, हे बघा. आणि नड असेल तेव्हा दुप्पट विचारा. आमची नड होती, म्हणूनच आम्ही विचारलं नाही.

संध्याकाळी भावाने बायकोला सगळं सांगितलं. नाणं कसं उडालं तेही, आकडाही. ती भिंतीला टेकून बसली होती, हाताला पट्टी बांधलेली.

“आठवा हिस्सा ना?” ती म्हणाली. “मग उद्या सकाळी दवाखान्याच्या मदतनिधीच्या अर्जात आपल्याकडचे पैसे म्हणून तोच आकडा लिहा. आणि वन्सं, तुम्ही जा यांच्याबरोबर. हे एकटे गेले तर कोणावरही विश्वास ठेवतील.”