रंगाऱ्याचं नाक

"अहो, जरा बघा."

बाटलीवालीने बूच काढून बाटली नवऱ्याच्या नाकाखाली धरली. रंगाऱ्याने वर्तमानपत्र बाजूला ठेवलं, चष्मा कपाळावर ढकलला आणि डोळे मिटून भलामोठा श्वास ओढला. वास घ्यायला चष्मा कशाला काढावा लागतो, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

"झालंय. खुशाल देऊन टाक."

"नक्की?"

"अगं, माझ्या नाकावर भरवसा नाही का तुझा?"

हॉटेलातली न्हाणीघरं घासण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. ॲसिडने हातांची सालं काढली आणि जाता जाता नाकही नेलं. नोकरी सुटल्यावर तिने चंगच बांधला, की असलं विष घरात आणायचं नाही. संत्र्यालिंबाच्या साली, गूळ आणि पाणी ती बरणीत घालून ठेवायची, अधूनमधून झाकण सैल करून आतली हवा सोडायची आणि तीन महिने मुरलं की गाळून बाटल्या भरायची. फरशी, ओटा, नळ, सगळं लख्ख निघायचं. शेजारीपाजारी नेऊ लागले. नीट मुरलेल्याला आंबूस गोड वास येतो, नासलेल्याला कुजका. तिला दोन्ही सारखेच, म्हणून नवऱ्याचं नाक.

रंगाऱ्याचा जन्म गॅरेजात गाड्यांवर रंगाचे फवारे मारण्यात गेलेला. हात थरथरू लागले आणि बोलावणी थांबली, तसा तो घरी बसून चिडका झाला होता. त्याला कोणी काही विचारावं अशी ही एकच गोष्ट उरली होती. त्या मानाचा तोरा मात्र तो दिवसभर मिरवायचा.

संध्याकाळी दूध मंद गॅसवर ठेवून, "लक्ष ठेवा हो," असं बजावून ती बाजाराला खाली उतरली. तासाभराने परतताना जिन्यातच शेजारच्या नर्सने तिला गाठलं. सकाळचीच बाटली तिने हात लांब करून धरली होती.

"काकू, यात उंदीर मेलाय का? अख्खं घर घाणीने भरलं, त्यात पाहुणे आलेत."

बाटलीवालीचं तोंड एवढंसं झालं. बाटली घेऊन ती तरातरा वर आली. आज त्याची खरडपट्टी काढायचीच होती.

स्वयंपाकघरात धूर कोंडला होता. दूध आटून पातेलं काळंठिक्कर पडलं होतं. आणि पलीकडच्या खोलीत, उघड्या दाराकडे पाठ करून, रंगारी निवांत शब्दकोडं सोडवत बसला होता.

तिने गॅस बंद केला आणि ती तिथेच उभी राहिली. म्हणजे याचंही नाक गेलेलं. कधीपासून, देव जाणे. तिला त्याचा भयंकर राग आला, मग त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून पुन्हा राग आला.

"कोण होतं गं जिन्यात?" त्याने मान न वळवता विचारलं.

"सिस्टर."

"काय म्हणत होती?"

तिने नासकं पाणी मोरीत ओतलं.

"आणखी एक बाटली हवीय म्हणाली."

"मी म्हटलं नव्हतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोन बाटल्या पदराआड घेऊन खालच्या शिंपिणीकडे गेली. शिंपिणीने दोन्ही हुंगल्या आणि एक लगेच दूर सारली. "ही फेकून दे. पण काय गं, घरी नवरा आहे ना वास घ्यायला?"

"आहे ना. तू फक्त बोलू नकोस कुठे."

उरलेली बाटली घेऊन ती वर आली.

"अहो, जरा बघा."

चष्मा कपाळावर गेला. आज त्याने श्वास जरा जास्तच वेळ ओढला. मग डोळे उघडून त्याने बाटलीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"झालंय... बहुतेक."

"तुम्ही म्हणताय तर झालंच," ती म्हणाली आणि तिने बूच घट्ट लावलं.

रंगाऱ्याने वर्तमानपत्र उचलून तोंडासमोर धरलं. चष्मा कपाळावरच राहिला होता.