नमुन्याच्या मिक्सरचे सैल झाकण

मी एक जुना मिक्सर आहे, आणि मला कधी कोणी विकत घेतलेले नाही. कारखान्यातून निघतानाच माझ्या पाठीवर ‘विक्रीसाठी नाही’ अशी चिठ्ठी होती. दारोदार मिक्सर विकणाऱ्या एका ताईंच्या पिशवीत मी जाऊन पडलो. लोकांसमोर फिरून दाखवायचे, एवढेच माझे काम. कौतुक माझे व्हायचे आणि घरात जायचा माझा कोरा करकरीत भाऊ. याचे मला थोडे वाईट वाटे.

मित्रांनो, या धंद्यात एक मेख आहे. मिक्सर विकला की विकणाऱ्याला कमिशन मिळते, पण ग्राहकाने तो पंधरा दिवसांत परत केला की ते कमिशन कापले जाते. म्हणून बाकीचे विक्रेते मुदत संपेपर्यंत त्या गल्लीकडे फिरकत नसत. आमच्या ताई मात्र मुदतीच्या आतच प्रत्येक घरी मुद्दाम डोकावत. मला त्यांचा फार अभिमान वाटे.

त्या वर्षी ताईंना आईसाठी कानाचे यंत्र घ्यायचे होते. आईला हाका मारून त्यांचा घसा बसायचा. त्यासाठी आता फक्त एका विक्रीच्या कमिशनाएवढे पैसे कमी पडत होते, आणि एका म्हाताऱ्या काकूंनी मिक्सर घेतल्यामुळे तेही जमले. काकूंचे दात गेलेले, बोटे सांधेदुखीने वाकडी झालेली. त्यांनी माझे झाकण स्वतः फिरवून पाहिले होते.

“अगंबाई, हे तर मलाही जमतंय!” असे म्हणून त्या लहान मुलीसारख्या हसल्या होत्या.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी ताई मला घेऊन त्यांच्याकडे गेल्या.

“छान चालतो हो,” काकू घाईघाईने म्हणाल्या.

“मग भांड्याचं प्लास्टिक अजून तसंच कसं, काकू?”

काकू ओशाळल्या. “झाकणच बसत नाही गं माझ्याच्यानं. म्हटलं, तुझं नुकसान कशाला?”

ताईंनी नव्या मिक्सरचे झाकण फिरवून पाहिले. ते भलतेच घट्ट होते. मग माझे फिरवले, ते अलगद बसले. घरोघरी उघडझाक होऊन ते सैल पडले होते, आणि हे ताईंच्याही ध्यानात आले नव्हते, माझ्याही.

ताई गप्प राहिल्या असत्या तरी काकूंनी कधी तक्रार केली नसती. पण त्यांनी खोका पुढे ओढला. “परतीच्या अर्जावर सही करा, काकू. आजचाच दिवस आहे.”

कमिशन कापले गेले. ऑफिसातले साहेब म्हणाले, “स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलात!” घरी आईला सगळे ओरडून सांगावे लागले. ती म्हणाली, “बरं केलंस. मला काय घाई आहे?” असली मायलेकींची जोडी मी दुसरी पाहिली नाही.

पुढे ताई माझ्याऐवजी खोक्यातला नवा मिक्सरच ग्राहकाच्या हाती चालवून पाहायला देऊ लागल्या. परत येणारे मिक्सर कमी झाले आणि माझे काम संपले. ऑफिसने मला भंगारात काढले, तेव्हा ताईंनी मला मागून घेतले आणि काकूंच्या ओट्यावर नेऊन ठेवले.

मित्रांनो, वस्तू विकली की आपले काम संपले, असे समजू नका. ती ज्याच्या घरी गेली, त्याची एकदा विचारपूस करा.

काल ताई आईला घेऊन इथे आल्या होत्या. आईच्या कानामागे एक छोटे यंत्र होते. काकूंनी दोन बोटांनी माझे झाकण बसवले आणि बटण दाबले. आई केवढ्याने दचकली!

“अगं, बंद करा आधी तो! केवढा आवाज करतो मेला!”

माझ्या आवाजावरून मी आजवर पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत, पण इतका आनंद कधी झाला नव्हता.