आय हार्डली वर्क

समज, तुझ्या आईनं तुझ्यापुढे कोरा कागद ठेवला आणि म्हणाली, "माझा अर्ज तूच लिही गं, तुझं इंग्रजी चांगलं आहे." तुझी मान कशी ताठ होईल! तशीच तडतडीची झाली. फुलबाजीसारखी बोलते म्हणून घरात सगळे तिला तडतडीच म्हणायचे.

आई सहा वर्षं इस्पितळाच्या लाँड्रीत बदली कामगार होती. आता कायम नोकरीची एकच जागा निघाली होती.

"मी कष्टानं काम करते, एवढं तरी नक्की लिही," आई म्हणाली.

तडतडीला वर्गातला नियम आठवला. काम कसं करतो ते सांगायचं, तर शब्दाला 'ली' जोडायचा. स्लोचं स्लोली, क्विकचं क्विकली. मग हार्डचं हार्डली! आपण 'कष्टानं' आधी म्हणतो आणि 'काम करते' नंतर. तसंच तिनं मांडलं: आय हार्डली वर्क.

दुसऱ्या दिवशी आई आली ती चपला भिरकावतच.

"काय लिहून ठेवलंस कार्टे? कारकुनानं सगळ्यांना वाचून दाखवलं. म्हणे, मावशी, खरं बोलावं तर तुम्हीच! कामाला हात लावत नाही असं स्वतःच लिहून दिलंत! वर भिंतीला चिकटवला कागद."

"पण नियम तर..."

"चुलीत घाल तुझा नियम! उद्या दुपारी अर्ज बंद होतात."

तडतडीनं शब्दकोश उघडला. कष्टानं म्हणजे नुसतं हार्ड. त्याला शेपूट लागत नाही, आणि इंग्रजीत तो क्रियापदाच्या मागून येतो. हार्डली हा निराळाच शब्द निघाला. त्याचा अर्थ, जवळजवळ नाहीच.

आधी तिला स्वतःचा राग आला. मग सोड्यानं सोललेली आईची बोटं दिसली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. ओल्या चादरींचे गठ्ठे उचलताना कारकून आईला रोज बघत होता. तिला काय म्हणायचंय, हे त्याला कळलं नव्हतं थोडंच!

सकाळी ती आईबरोबर ऑफिसात गेली.

"या, या! हार्डली मावशींची कन्या वाटतं?" कारकून हसला.

तडतडी खुर्चीवर चढली. भिंतीवरचा कागद तिनं सोडवला, ती ओळ खोडली आणि वर लिहिलं: आय वर्क हार्ड. मग कागद टेबलावर आपटला.

"चूक माझी होती, आईची नाही. परवा माझी चूक वाचलीत ना? आता हे वाचा."

"काल," आई हळूच म्हणाली.

"काल वाचलीत ना? वाचा!"

कारकून काहीतरी पुटपुटला.

"ऐकू नाही आलं." तडतडीनं लाँड्रीकडचं दार सताड उघडलं. आतल्या बायका हातातलं काम थांबवून बघायला लागल्या. कारकुनानं घसा खाकरला आणि वाचलं.

तडतडीनं टेबलावरचा 'अर्ज मिळाला'चा शिक्का उचलून त्याच्यापुढे धरला.