नवमीच्या तांदळांनी अडवलेला खटका

मी खटका बोलतोय. घराच्या दाराचा नाही हां! फौजेच्या गाडीत औषधांची पेटी असते, तिच्या झाकणाचा. जखमी माणसाजवळ बसलेल्याने हातमोजा न काढता, एका हाताने मला ओढायचं आणि पेटी उघडायची. एवढंच माझं काम. पण नेमका त्याच वेळी मी अडकलो तर? नुसत्या विचारानेच माझी स्प्रिंग थरथरते.

मला घडवलं राधिकाने. ती मेडशी गावची लेक, नागपूरला एका कारखान्यात फौजेच्या सामानाचं डिझाइन करते. आधी मी कॉम्प्युटरवरच्या नुसत्या रेघा होतो. किती वेळा खोडलं मला, पुन्हा काढलं! तिने एकटीने केलेलं पहिलं काम म्हणजे मी. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी माझी चाचणी. पास झालो तर सगळ्या पेट्यांना मी, नाहीतर दुसऱ्या कारखान्याचा खटका.

सुट्टीतही उघडून-मिटून बघावं म्हणून साहेबांना विचारून तिने मला गावी आणलं. तान्ही लेक कडेवर, आणि दुसऱ्या हाताने मला ओढायची. खट्! लेक खुदकन हसायची. मीही खूश!

खंडेनवमीला राधिकाच्या वडिलांनी, चंपतरावांनी, विळा, कुऱ्हाड, फवारणीचा पंप धुऊन पाटावर मांडला. आई गिरजाबाईंनी हळूच मलाही बॅगेतून काढलं. "हे माह्या लेकीचं हत्यार," म्हणाल्या, आणि हळदीकुंकू, ओले तांदूळ, झेंडूचं फूल वाहिलं. मी काय ऐटीत बसलो होतो म्हणून सांगू!

दसऱ्याच्या सकाळी राधिकाने मला ओढलं. मी उघडेना. पुन्हा ओढलं. छे!

"आई, याच्यात तांदूळ कोनं टाकले वं?"

"म्या वाह्यले. काहून? हत्याराची पूजा नाही कराची का?"

चंपतराव हसले. "चार दान्यानं दातखीळ बसली! फौजेत काय दिवे लावीन हा?"

राधिका रडकुंडीला आली. सुईने दाणे काढता काढता थांबली आणि एकदम ओरडलीच, "बाबा, बरोबर बोलून राह्यले तुमी! तांदूळ अडकला तं रेतीही अडकंन. आत गेलेलं बाहेर पडाले मी वाटच ठेवली नाही!"

मग काय विचारता! साहेबांना फोन, लॅपटॉपवर नवं ड्रॉइंग, त्यात माझ्या पोटाखाली एक छोटी खिडकी. ड्रॉइंग मंजूर झाल्याशिवाय भोक पाडायचं नाही, हा त्यांच्या कामाचा कायदा. साहेबांचा होकार आला तशी लेक आजोबांच्या मांडीवर दिली, गिरजाबाईंना गाडीवर मागे बसवलं आणि निघाली जवळच्याच मालेगावला, ओळखीच्या हरीओमच्या वर्कशॉपात.

तिथे मशीनला झेंडूचा हार, समोर नारळ.

"ताई, आज नाही जमत. पूजलेली मशीन आज चालवत नाही आमी. उद्या सकाळी या."

गिरजाबाई पुढे आल्या. "हरीओम, औषधाच्या पेटीचा खटका हाय हा. जखमी पोराले सांगशीन का, उद्या सकाळी ये म्हनून?"

"काकू, तुमी बी ना!" तो म्हणाला. मशीनला हात जोडले, हार अलगद उतरवला, बटण दाबलं. घुर्रर्र! पोटाला चटका बसला, पण मी हूं की चूं केलं नाही.

रातोरात आम्ही नागपूरला परतलो. दुसऱ्या दिवशी चाचणीच्या मैदानावर पंख्याने माझ्यावर रेती मारली. नाकातोंडात रेती! मग गदागदा हलवलं. मग एक जाड हातमोजा माझ्याकडे आला. राधिकाने डोळे मिटले.

खट्!

उघडलो! खिडकीतून रेती सरसर खाली. राधिकाने तिथूनच घरी फोन लावला, "आई, उघडला वं!"

"उघडंन नाही तं काय! म्याच तं पूजला होता!"

आता माझ्यासारखे कितीतरी खटके घडून राह्यले, सगळ्यांच्या पोटाला खिडकी. मी स्वतः एका गाडीत आहे, कुठे ते सांगायची परवानगी नाही. ही पेटी उघडायची वेळ कोणाच्याच लेकरावर येऊ नये, एवढंच मागणं. पण आलीच, तर दादा, घाबरू नको. ओढ मला.