भिकनभाऊंनी मला उभं केलं

मी एक ड्रमसेट. ‘एक’ म्हणतो खरा, पण माझी अंगं पाच: पोटाने मोठा बास ड्रम, त्याच्या पाठीवर दोन धाकटे ड्रम, शेजारी चपटा स्नेअर आणि सगळ्यांच्या वर पितळी झांज. पाचही जण एकदम बोलतो, म्हणून ‘मी’.

जन्म मेरठचा, रंग लालभडक. पुठ्ठ्याच्या खोक्यांतून सुरतेला उतरलो आणि तिथून चलथाणला, साखर कारखान्याच्या कॉलनीत. तिथल्या एका क्लार्कचा मुलगा ललित हा माझा पहिला मालक. त्याच्या आईने मला हळदकुंकू लावलं, समोर पेढा ठेवला. तिसऱ्या दिवशी शेजारचे चौघेजण दारात येऊन हात जोडून उभे राहिले. चौथ्या दिवशी मला टेम्पोत घालून ललितच्या मित्राकडे, आशिषकडे, अडाजणला हलवलं गेलं.

आशिषचे वडील बँकेत. माझ्यासाठी त्यांनी गॅरेज रिकामं करून दिलं आणि स्वतःची स्कूटर पावसात उभी केली. आशिष गिटार वाजवायचा. त्यांच्याच वर्गातली माधवी बास गिटार वाजवायची आणि गायचीही. तिचा आवाज असा खणखणीत, की ती वरच्या पट्टीत गेली की माझी झांज आपणहून थरथरायची. तिघांनी बँड काढला आणि नाव ठेवलं ‘फ्यूज’. गाणी स्वतःच रचायचे: एक ओळ मराठी, एक हिंदी, भांडण मात्र गुजरातीत.

तीन वर्षं मजेत गेली. मग १९९६ च्या मार्चमध्ये ललितला पुण्याला नोकरी लागली. निघताना त्याने माझ्या लाल अंगावरून हात फिरवला. “सेट इथेच राहू दे. जपा त्याला,” एवढंच म्हणाला आणि वळला.

आशिषने माझ्यावर चादर घातली. जपणं म्हणजे झाकणं, असं माणसांना वाटतं. महिन्याभरात चादरीवर रद्दी आली, रद्दीवर इस्त्रीचे कपडे आले आणि कपड्यांवर घरातलं मांजर. आशिष, माधवी गॅरेजमध्ये यायचे, दोन गाणी वाजवायचे आणि गप्प बसायचे. ड्रम नाही म्हटल्यावर गाण्याला पायच नव्हते.

मे महिन्यात एका दुपारी उधन्याला त्यांची स्कूटर एका वरातीत अडकली. हे मला माधवीच्या तोंडून कळलं. वरातीत शेजारच्या ट्रकचा टायर फुटला. घोडा उधळला, नवरदेव लोंबकळला, ट्रंपेटवाले पळाले. एकच माणूस जागचा हलला नाही. गळ्यात अडकवलेला ड्रम तो तसाच वाजवत राहिला. त्या ठेक्याच्या आधाराने पळालेले परत आले आणि नाच पुन्हा सुरू झाला. आशिष त्याच्यामागे लग्नमंडपापर्यंत गेला.

ते भिकनभाऊ. धुळ्याकडचे. लग्नाच्या मोसमात बँडमध्ये, एरवी उधन्याच्या कापड मिलमध्ये लूमवर. वय चाळिशीचं, मिश्या भरघोस. ते गॅरेजमध्ये आले, चप्पल बाहेर काढली, माझ्या पाया पडले आणि म्हणाले, “ताई, इतके ड्रम वाजवायला माणसं किती येणार?”

“एकच, भिकनभाऊ. तुम्ही,” माधवी म्हणाली.

भाऊ हसले आणि स्टूलावर बसले. तिथेच घोटाळा झाला. वीस वर्षं त्यांनी चालत आणि उभ्याने वाजवलं होतं. ठेका रंगात आला की ते उठून उभे राहायचे. उठले की पाय पेडलवरून सुटायचा आणि माझा बास ड्रम मुका व्हायचा. आशिष ओरडायचा, “भाऊ, बसा!” भाऊ ओशाळून बसायचे आणि बसले की हात बांधल्यासारखे वाजवायचे.

नव्या मंडळींचा पहिला कार्यक्रम ऑगस्टमध्ये, एका कॉलेजच्या हॉलमध्ये झाला. समोर खुर्च्यांवर मुलं हाताची घडी घालून बसलेली. भाऊंना सवय नाचणाऱ्या पायांवरून लय घ्यायची. समोर एकही पाय हलत नव्हता. ते वाट बघत राहिले आणि गाणं संथ होत होत बैलगाडीसारखं चालू लागलं. घाबरून ते एकदम उठले. पेडल सुटलं. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, “जान आवी, जान आवी!” गुजरातीत जान म्हणजे वरात. सगळा हॉल हसला.

परतताना टेम्पोत भाऊंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. “दादा, दुसरा माणूस बघा,” ते आशिषला म्हणाले. “तुमची इज्जत गेली माझ्यामुळे.”

आशिष काहीच बोलला नाही. मलाही हसण्याचा राग होता, पण खरं सांगतो, त्याच्या गप्प राहण्याचा जास्त आला.

दुसऱ्या दिवशी मात्र तो माधवीला घेऊन भाऊंच्या उधन्याच्या खोलीवर गेला. तिथलं हेही मला माधवीनेच सांगितलं. भाऊ तोंड फिरवून बसले होते. बोलल्या त्या त्यांच्या बायको, कलाबाई. चहा ठेवता ठेवता त्या नवऱ्याला म्हणाल्या, “तुमले बठीसन वाजाडता येत नई, ते उभा ऱ्हाईसन वाजाडा ना! बठाना हट्ट कसाले?”

बसून जमत नाही, तर उभ्यानेच वाजवायचं! हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मला भाऊंच्या दोस्ताकडे, दगा वेल्डरकडे नेलं. त्याने जुन्या लूमचे लोखंडी पाय कापून माझ्यासाठी उंच स्टँड, घोडाच म्हणा ना, बनवला. ठिणग्या उडाल्या तेव्हा मी मनातून पार घाबरलो होतो. पेडल निघालं. जमिनीला टेकलेला माझा बास ड्रम माणसाच्या कमरेपर्यंत वर आला. भाऊंनी उभ्याने पहिली काठी मारली आणि माझा आवाज मलाच नवा वाटला.

लयीचा उपाय माधवीने काढला. “भाऊ, लोकांकडे बघूच नका. मी तुमच्याकडे तोंड करून गाते. माझे पाय बघा.”

दुसरा कार्यक्रम चलथाणच्या कॉलनीतल्या गणपतीचा. संध्याकाळी मंडपात मला जोडत होते, तेवढ्यात गणपतीसाठी घरी आलेला ललित समोर उभा राहिला.

“हे काय केलंत?” त्याचा आवाज चिरकला. “पेडल कुठे? माझा सेट कापलात तुम्ही?”

भाऊंनी काठ्या त्याच्यापुढे धरल्या. “चूक माझी आहे, दादा. दगा उद्या पहिल्यासारखं करून देईल. आज तुम्ही वाजवा.”

ललितने हात पुढे केला. माझं काय होणार, कळेना. एकाने मला हौसेने आणलेलं, दुसऱ्याने उभं केलेलं. आशिष मान खाली घालून गिटारच्या खुंट्या पिळत होता. मग त्याने मान वर केली.

“सेट तुझा आहे, ललित. शो संपला की घेऊन जा. पण आज भिकनभाऊच वाजवणार. हे आमचे ड्रमर आहेत.”

ललितचा हात खाली गेला. भाऊंनी पुढे धरलेल्या काठ्या मागे घेतल्या.

माधवीने लोकांकडे पाठ केली. पहिल्या रांगेतल्या बायका कुजबुजल्या, “पोरगी रुसली का काय?” मग ती गायला लागली आणि तिचे पाय हलले. भाऊंनी ते पाय पकडले ते सोडलेच नाहीत. दुसऱ्या गाण्याला सतरंजीवरची पोरं उठली, तिसऱ्याला त्यांच्या आया. कारखान्याच्या शिफ्टवरून आलेले लोक डबे हातात घेऊन नाचत होते.

आणि तिसऱ्या गाण्यातच माझ्या घोड्याचा एक जोड सुटला. मोठा ड्रम कलंडू लागला. भाऊंना थांबता येईना. मी आता तोंडावर आपटणार, तेवढ्यात मंडपाच्या खांबाजवळून ललित धावत आला आणि त्याने दोन्ही हातांनी मला कवटाळलं. भाऊ वाजवत राहिले. पुढची चार गाणी ललित मला छातीशी धरून उभा होता. त्याचं काळीज आणि माझं पोट एकाच ठेक्यावर होतं.

संपल्यावर त्याचे हात बधिर झाले होते. ते झटकत तो भाऊंना म्हणाला, “इथे आणखी एक टेकू लावायला सांगा. आणि हा आता तुमच्याकडेच राहू दे.”

त्याला दोन वर्षं झाली. मी आता उधन्याला भाऊंच्या खोलीत राहतो. लाल रंग जागोजागी उडालाय, धाकट्या ड्रमच्या कातड्याला ठिगळ आहे. कलाबाई माझ्या अंगावर पापडासारख्या बिबड्या वाळत घालतात. मला ज्वारीचा वास लागलाय, पण माझी तक्रार नाही. फ्यूजचे कार्यक्रम महिन्याला दोन-तीन तरी होतात.

आज कामरेजला जायचंय. टेम्पो दारात लागलाय. कलाबाईही मिलमध्ये कामाला; इतके दिवस सुट्टी मिळाली नव्हती, आज अर्ध्या दिवसाची मिळाली म्हणून त्या पहिल्यांदाच आमच्याबरोबर येताहेत. नवी साडी नेसून त्या माझ्या शेजारी बसल्यात आणि खड्ड्यात माझी झांज वाजू नये म्हणून तिच्यावर तळवा ठेवलाय.

कामरेजकरांनो, एक विनंती आहे. तुम्ही सगळे खुशाल उभे राहा, नाचा, दंगा करा. या बाईंना मात्र पुढे एक खुर्ची द्या. सकाळपासून त्या मिलमध्ये साड्यांच्या घड्या घालत उभ्या होत्या.