रऊफभाईंच्या काट्यावरची करडी वायर

“म्हैस बरी, पण ही वायर नको!” टेबलाखाली वाकून अमरीन पुटपुटली.

मित्रांनो, तो राग माझ्यावर होता. मी एक जुनी करडी वायर आहे. दर्यापूरच्या रस्त्यावर अमरीनच्या वडिलांचा, रऊफभाईंचा, धर्मकाटा आहे. कापसाची गाडी त्यावर चढली की तिचं वजन संगणकाला कळवायचं, एवढंच माझं काम. पूर्वी मी सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्यात राबले. तिथे नवी यंत्रं आली आणि माझी रवानगी अकोल्याच्या एका दुकानातल्या खोक्यात झाली. अमरीननं मला तिथून उचललं आणि स्वतःच्या ओढणीनं पुसलं. ते मी विसरणार नाही.

मला आणलं ते काट्याची अब्रू वाचवायला. आधी रऊफभाई काट्याचे लाल आकडे वाचून पावती लिहीत. मागच्या हंगामात खुशालरावांच्या पावतीवर आठाच्या जागी तीन पडला. बोंडअळीनं खाऊन उरलेला कापूस, त्यात ही घट! पण खुशालराव भांडले नाहीत. “काटा म्हातारा झाला, रऊफभाई,” एवढंच म्हणाले. तेव्हापासून प्रत्येक गाडीवाला आकडा स्वतःच मोठ्यानं ओरडून सांगे आणि रऊफभाई मुकाट्यानं लिहीत. त्यांचा चष्मा दरवर्षी जाड होत होता, पण नावं ठेवली जात ती काट्यालाच. तरी गाड्या हळूहळू पुढच्या काट्यावर जाऊ लागल्या.

“वजन सरळ संगणकात आलं, तरच आपला काटा टिकन,” अमरीन म्हणाली.

तिनं संगणकात विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची प्रणाली घातली होती. मला ओळखणारा प्रोग्राम, म्हणजे माझा ड्रायव्हर, त्यात आधीपासूनच होता. तरीही मी जोडली जाई आणि क्षणात सुटे.

“फेक ते भंगार,” तिची आई आबेदा म्हणाली. “नवी आण.”

मित्रांनो, आम्हा वस्तूंना दोष देणं सोपं असतं, कारण आम्ही उलट बोलत नाही. फेकण्याआधी आमची एकदा नीट चौकशी करा. अमरीननं केली. संगणक काय कुरकुरतो ते तिनं ओळ न् ओळ वाचलं आणि हसली.

“अब्बू, वायर चांगली आहे! ज्याइले दिसत नाही त्याइच्यासाठी यात एक प्रोग्राम आहे. बोटानं वाचायचं ब्रेलचं यंत्र लावलं असं समजून तो हिले ओढून घेते. आपल्याले त्याचं काय काम? काढून टाकते.”

तिनं तो काढला. मी जोडली गेले आणि जोडलेलीच राहिले. बाहेर काट्यावर खुशालरावांचीच गाडी उभी होती. पडद्यावर भाकरीएवढा आकडा उमटला.

खुशालरावांनी सवयीनं आकडा ओरडायला तोंड उघडलं. रऊफभाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. ते पडद्यापाशी गेले, नाक टेकेपर्यंत वाकले. आबेदा पदराशी चाळा करू लागली. अमरीन खाली पाहू लागली.

“खुशालराव,” ते सरळ होत म्हणाले, “काटा बी बरा होता, वायर बी बरी आहे. मलेच दिसत नाही.”