लेंडीखत आणि एक मूठ युरिया

महादूनं फोन दगडाला टेकवून उभा केला आणि बटाट्याच्या रोपाचं एक पान वाकवून कॅमेऱ्यासमोर धरलं. पान फिकट पिवळं पडलं होतं. फोनमध्ये रंभा डोळे बारीक करून बघत राहिली. तिच्या मागं आंबेगावच्या पठारावरचं सकाळचं धुकं होतं आणि महादूच्या मागं आखातातल्या जबल जैस डोंगराचं. डोंगरावरून उतरलेला ढग दगडी तालींच्या पायऱ्यांवर असा पसरला होता, की आपण कुठल्या वावरात उभे आहोत हे त्याला क्षणभर आठवावं लागलं.

"सगळीच अशी झालीत?" तिनं विचारलं.

"वरच्या तालीतली. खालची जरा बरी हायेत."

"लेंडीखत कुजलेलंच घातलं ना?"

"तू म्हणालीस तसंच घातलं."

या नवराबायकोचं बिनसलं होतं ते खतावरूनच. रंभा दरवर्षी वावरात धनगराची मेंढरं बसवायची आणि गोणीतल्या खताला हात लावू द्यायची नाही. महादूला तेवढा धीर कुठला. मागच्या खेपेला मेंढरं उठून गेली, तसा त्यानं तिच्या नकळत वरून युरियाही ओतला. पाला कमरेएवढा माजला आणि खाली बटाटा निघाला सुपारीएवढा. रंभानं अबोला धरला. घरात राहून तो सोसवेना, म्हणून हा गडी शारजात अल मजाजच्या एका बिल्डिंगच्या परांचीवर जाऊन चढला. तिथून फिरत फिरत यहया नावाच्या शेतमालकाच्या डोंगरावर आला, तर इथंही कपाळी बटाटाच.

यहयानं सांगून ठेवलं होतं, पीक आलं तर दोन वर्षांचा व्हिसा, नाहीतर पुन्हा परांची. पण शेताचा खरा कारभार त्याच्या म्हाताऱ्या आईच्या, जैनबच्या हाती. तिच्या तालींत तिच्याच बकऱ्यांचं खत पडणार, दुसरं काही नाही. मुलानं आणलेली युरियाची गोण तिनं शेडमध्ये तशीच पाडून ठेवली होती. एका रंभेपासून पळावं, तर इथं दुसरी दत्त म्हणून उभी. लेंडीखताचं ज्ञान विचारायला महादूला शेवटी बायकोलाच फोन करावा लागला. अडला हरी, असं ती मनात म्हणालीही असेल, पण तिनं सगळं नीट सांगितलं. तेव्हापासून बोलणं सुरू झालं, ते फक्त बटाट्याचं. घरी कधी येताय, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं. महादू त्याचीच वाट बघत होता.

"गारठा लई हाय का तिथं?" रंभा म्हणाली.

"पहाटे बोटं वळत न्हाईत."

"मग खत निजलंय. थंडीत लेंड्या लवकर लागू होत न्हाईत. मूठभर युरिया द्या, रोपाच्या बुडाशी चिकटू देऊ नका. मग मातीची भर लावा."

महादूला वाटलं, आपण अजून झोपेतच आहोत.

"तू सांगतीस हे?"

"मीबी दिलाय औंदा."

तिनं फोन वावराकडे फिरवला. धुक्यातून पट्टे दिसले. एक काळपट हिरवा, एक पिवळा, पुन्हा एक हिरवा.

"तुमच्यावानी मूठ न्हाई जमत मला," ती हळू म्हणाली. "कुठं ढीग पडला, कुठं काहीच न्हाई."

तिला डिवचायची अशी संधी पुन्हा मिळाली नसती. महादूला मात्र ते वावर बघून भरून आलं.

ढगातून बकऱ्या आल्या आणि मागून काठी टेकत जैनब. फोनमध्ये बाई बघून ती थांबली.

"कौन?"

"मेरी बीवी, अम्मा."

जैनब दगडावर बसली आणि फोन हातात घेतला. रंभानं पदर सारखा केला. मग एका ओंजळीत लेंडीखत घेऊन दाखवलं आणि त्यावर चिमटीनं पांढरे दाणे सोडले.

"अम्मा, ये जादा, ये थोडा. ठंडी में खाली बकरी से नहीं होता."

जैनब मागच्या पट्ट्यांकडे निरखून बघत होती.

"ये तेरा खेत? इतना खराब कौन डाला?"

"मैं."

म्हातारी खुदकन हसली. महादूकडे वळून म्हणाली, "अच्छा, डालो. थोडा. जादा किया तो खलास." आणि पुन्हा फोनकडे वळून तिनं विचारलं, "तेरा आदमी घर कब आएगा?"

महादू खाली वाकून गवत उपटू लागला. उपटण्यासारखं तिथं फारसं काही नव्हतं.

"आलू निकला की आएगा," रंभा म्हणाली. ठरलेलंच असावं तशी.

"इन्शाल्ला," जैनब म्हणाली.

बटाटा निघाला तर अजून दोन वर्षं इथंच, हे व्हिसाचं दोघींनाही ठाऊक होतं. महादूनं कुणाचंच बोलणं खोडलं नाही. तो गोण उसवायला शेडकडे निघाला, तेव्हा मागं दोघी मोडक्यातोडक्या हिंदीत बकऱ्यांबद्दल बोलत होत्या.